लहान धावपट्टी नेमकी केव्हा बंद पडते?

आपण डोंबिवलीहून विचारलेला प्रश्न थोडक्यात असा आहे. मराठवाड्यातील आपल्या मूळ गावाला लागून एक सरकारी धावपट्टी आहे. आपल्या लहानपणी तेथे मंत्र्यांचे विमान उतरले की शाळेतली मुले कुंपणाशी धावत. पुढे काही वर्षे वैमानिक प्रशिक्षणाची लहान विमाने गावावरून घिरट्या घालत. आता फाटकाला कुलूप आहे, आत बाभळी माजल्या आहेत, आणि गावात सगळे ‘प्रवासी मिळाले नाहीत म्हणून बंद पडली’ असे सांगतात. हे कारण खरे आहे का, बंद करण्याचा निर्णय कोण घेते, आणि ती पट्टी पुन्हा सुरू होऊ शकेल का, हे आपल्याला जाणून घ्यायचे आहे. माझ्या नोकरीची तीसेक वर्षे धावपट्ट्यांची देखभाल आणि परवान्यापूर्वीच्या तपासण्या यांत गेली. घर पार्ल्यात असले तरी त्यातला बराच काळ अशाच लहान पट्ट्यांवर गेला. त्यामुळे उत्तर लांबणार आहे.

पहिल्या प्रश्नाचे उत्तर आधी देतो. प्रवासी मिळाले नाहीत हे कारण आपल्या पट्टीपुरते तरी खरे नाही, कारण आपल्या वर्णनावरून तेथे तिकीट काढून जाणारा प्रवासी कधी आलाच नव्हता. माझ्या अनुभवात लहान धावपट्टी मरते ती तिच्यावर रोज सकाळी पायी फेरी मारणारा माणूस काढून घेतला जातो त्या दिवशी. विमाने कमी होणे हे त्याआधी घडलेले असते आणि बंद झाल्याचा कागद त्यानंतर कित्येक वर्षांनी निघतो, तोही निघाला तर. या दोहोंच्या मधला जो काळ आहे, त्यात पट्टी कोणालाही न कळता हातची जाते. आपला प्रश्न खरे म्हणजे त्या काळाविषयी आहे.

या पट्ट्या मुळात कशासाठी झाल्या हे पाहिले की पुढचे समजणे सोपे जाते. कोल्हापूरची उजळाईवाडीची पट्टी १९३९ मध्ये संस्थानने केली. कराडची पट्टी १९५० च्या दशकात कोयना प्रकल्पाच्या गरजेतून आली. जिल्ह्याजिल्ह्यांतल्या इतर बऱ्याच पट्ट्या सार्वजनिक बांधकाम विभागाने मंत्री, सचिव, पूर-दुष्काळाची पाहणी आणि अडीअडचणीची वाहतूक यांसाठी बांधल्या. बांधकाम खात्याच्या दृष्टीने ती एक रुंद, सरळ, दोन्ही बाजूंना गाव नसलेली सडक होती, आणि ती सडकेच्याच पद्धतीने बांधली व सांभाळली गेली. १९८१ मध्ये स्थापन झालेल्या ‘वायुदूत’ने १९ आसनांची डॉर्निअर विमाने घेऊन देशातल्या लहान गावांना हवाई नकाशावर आणण्याचा प्रयत्न केला खरा, पण ती कंपनी सतत तोट्यात राहिली आणि १९९३ मध्ये इंडियन एअरलाइन्समध्ये विलीन करण्याचा निर्णय झाला. त्यानंतर बहुतेक पट्ट्यांवर दोनच ग्राहक उरले : सरकारी विमान आणि उड्डाण प्रशिक्षण संस्था.

त्यातला पहिला ग्राहक फारसा गाजावाजा न होता गेला. पुढारी हेलिकॉप्टरने फिरू लागले, आणि हेलिकॉप्टरला धावपट्टी लागत नाही. महाविद्यालयाचे मैदान, साखर कारखान्याचे आवार, सभेच्या मांडवामागचे नांगरट न केलेले शेत यांपैकी काहीही चालते. चुन्याचा गोल काढला, त्यात इंग्रजी ‘एच’ लिहिला, पाणी मारून धूळ बसवली की काम झाले. या सोयीला माझा आक्षेप नाही. पण मंत्री पट्टीवर उतरत होते तोवर जिल्हाधिकारी कार्यालयाला त्या पट्टीची काळजी होती. दौरा ठरला की आठ दिवस आधी गवत कापले जाई, कुंपणाच्या तुटलेल्या तारा ओढल्या जात, कडेचे खड्डे भरले जात. दौरा मैदानावर गेल्यावर ही वर्षातून चार-पाच वेळा होणारी झाडलोट थांबली. देखभालीचा स्वतंत्र निधी पुष्कळ ठिकाणी कधी पुरेसा नव्हताच. पाहुणे यायचे म्हणून घर आवरले जात होते, एवढेच.

आता त्या पायी फेरीविषयी जरा सविस्तर लिहितो, कारण बाहेरच्या माणसाला ती क्षुल्लक वाटते. एका पट्टीवर (तिचे नाव घेत नाही) बांधकाम खात्याने रस्त्यावरच्या चार मैलकामगारांना नेमले होते आणि त्यांच्यावर एक मुकादम होता. पहाटे पहिले विमान निघण्यापूर्वी त्यातले दोघे पट्टीच्या दोन कडांनी या टोकापासून त्या टोकापर्यंत चालत जात. हातात खराटा आणि घमेले असे. सुटलेली खडी, वाऱ्याने आलेले प्लॅस्टिक, कोणाच्या तरी चपलेचा तुकडा, मेलेला साप, असे जे सापडेल ते उचलत. पंख्याच्या विमानाला पट्टीवरची खडी म्हणजे काय असते ते सांगायला हवे : पंखा जमिनीपासून वीतभर उंचीवर फिरत असतो, तो खडी खेचून घेतो आणि पात्याला दातरे पडतात, असे पाते कधी तुटेल ते सांगता येत नाही. कडेच्या गवतात टिटवीची अंडी आहेत का हेही ते पाहत. टिटवी उघड्या जमिनीवर अंडी घालते आणि विमान जवळ आले तरी शेवटच्या क्षणापर्यंत उठत नाही, मग नेमकी समोरून उठते. गवत फार वाढू द्यायचे नाही, कारण त्यात उंदीर होतात आणि उंदरांमागे घारी व घुबडे येतात. अगदी खरडूनही काढायचे नाही, कारण मग टिटव्यांना मोकळे रान मिळते. हे त्या मुकादमाने कोठल्याही पुस्तकात वाचलेले नव्हते, पण त्याला ते माझ्यापेक्षा अधिक ठाऊक होते.

तेथून प्रशिक्षण संस्था उठून गेल्यावर चारपैकी तिघांना पुन्हा रस्त्याच्या कामावर बोलावून घेतले. कार्यालयाच्या दृष्टीने यात वावगे काही नव्हते. पावसाळा तोंडावर होता, रस्त्यांवर माणसे कमी होती, पट्टीवर विमाने नव्हती. चौथा मुकादमाबरोबरच निवृत्त झाला आणि ती जागा भरली गेली नाही. पुढच्या खेपेस मी गेलो तेव्हा सर्वप्रथम नजरेस पडला तो विंडसॉकचा रिकामा लोखंडी रिंग. वाऱ्याची दिशा दाखवणारी ती कापडी पिशवी उन्हाने विरते आणि वर्षातून एकदा तरी बदलावी लागते. विमानतळावरची ती सर्वांत स्वस्त वस्तू असावी. कोठल्याही पट्टीची प्रकृती मला विचाराल, तर मी आधी विंडसॉक पाहतो. तो फाटका असेल तर पुढचे कागद पाहण्याची घाई करत नाही.

माणूस गेल्यावर पट्टीचे काय होते हे मराठवाड्याच्या मातीवर फार लवकर दिसते. काळी माती पावसाळ्यात पाणी पिऊन फुगते आणि उन्हाळ्यात आकसून भेगाळते. धावपट्टीच्या मधल्या भागाखालची माती झाकलेली असल्यामुळे तिचा ओलावा वर्षभर बराचसा सारखा राहतो. कडेची माती मात्र दरवर्षी वर-खाली होते. त्यामुळे कडेपासून काही फुटांवर लांबच लांब, पट्टीला समांतर अशी भेग पडते. ती पहिल्या वर्षी डांबराने बुजवली तर गोष्ट तेथेच संपते. बुजवली नाही तर पावसाचे पाणी त्या भेगेतून खाली उतरते, खालचा थर मऊ होतो, दुसऱ्या वर्षी कडा खचते आणि तिसऱ्या वर्षी भेगेत काँग्रेस गवत उगवते. त्यानंतर वेडी बाभूळ येते, आणि बाभळीचे मूळ डांबराखाली शिरले की तेवढा भाग खणून पुन्हा बांधण्याला पर्याय राहत नाही.

लोकांना वाटते की विमाने उतरली नाहीत तर पट्टी झिजणार नाही, म्हणजे जपून ठेवल्यासारखीच राहील. हे खरे नाही. डांबर ऊन आणि हवा यांनी कडक होत जाते. त्यातला तेलकटपणा उडतो, वरची बारीक खडी मोकळी होऊ लागते, आणि चाकांची वर्दळ नसेल तर ते आणखी ठिसूळ होते. दहा वर्षे वापरात नसलेली पट्टी दिसायला सलग असते, पण खराटा मारला की खडी घमेल्यात येते. त्यात गावकऱ्यांचा वापर असतो. पोलीस भरतीची तयारी करणारी मुले पहाटे धावतात, त्यांच्याने काही बिघडत नाही. सोयाबीन वाळत घातले जाते, तेही झाडून काढता येते. पण मळणीयंत्र ओढत आलेला ट्रॅक्टर उन्हात तापलेल्या डांबरावर जागच्या जागी वळला की त्याच्या मागच्या चाकांचे दात वरचा थर उखडून टाकतात. गावकऱ्यांना दोष द्यावा असे मला वाटत नाही. गावातली सर्वांत मोठी, कोरडी, सपाट जागा कुलूप लावून रिकामी ठेवली तर ती कोण वापरणार नाही?

दुसरा ग्राहक प्रशिक्षण संस्थेचा. ज्या लहान पट्ट्या टिकल्या त्यातल्या पुष्कळ या संस्थांमुळे टिकल्या, आणि याचे कारण भाडे नव्हे. व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याला आपल्याकडे २०० तासांचे उड्डाण लागते, आणि त्यातले सुरुवातीचे कितीतरी तास विद्यार्थी पट्टीभोवती चकरा मारत उतरणे आणि उठणे याचाच सराव करतो. वीस-पंचवीस विद्यार्थी असले तर दिवसभर पट्टीला चाके लागत राहतात. संस्थेला स्वतःची विमाने सांभाळायची असतात, म्हणून तीच पट्टी झाडून घेते, कुत्री हाकलते, कुंपण दुरुस्त करते. आपल्या लहानपणच्या त्या घिरट्या गावाला कदाचित कंटाळवाण्या वाटत असतील, पण पट्टीची सकाळची फेरी त्यांच्यामुळेच चालू होती.

या संस्था उठून जातात त्याची कारणे बहुधा पट्टीवर नसतातच. प्रशिक्षक मोठ्या विमान कंपन्यांत जातात आणि नवे मिळत नाहीत; कंपन्यांची भरती थांबली की विद्यार्थी आटतात; विमान जमिनीवर पडून राहिले तरी कर्जाचा हप्ता चालूच राहतो. शिवाय इंधनाची एक वेगळी अडचण आहे. सेस्नासारख्या जुन्या धर्तीच्या विमानांना एव्हगॅस नावाचे खास पेट्रोल लागते, जे वर्षानुवर्षे आयात करावे लागत होते. इंडियन ऑइलने ते देशात, गुजरातच्या रिफायनरीत, २०२२ मध्ये बनवायला घेतले. आडबाजूच्या पट्टीवर ते पिंपांतून आणावे लागते आणि एखादी खेप चुकली की आठवडा वाया जातो. अलीकडे पुष्कळ संस्थांनी जेटच्या इंधनावर चालणारी डिझेल इंजिनाची विमाने घेतली त्यामागे हेही एक कारण आहे.

आपण मुंबईत राहता, तेव्हा हाच न्याय जुहूच्या विमानतळावर लावून पाहण्यासारखा आहे. जुहू १९२८ चा. १५ ऑक्टोबर १९३२ रोजी जेआरडी टाटा कराचीहून अहमदाबादमार्गे टपाल घेऊन तेथेच उतरले. पुढे प्रवासी वाहतूक सांताक्रुझला गेली, भोवती वस्ती दाटली, आणि बॉम्बे फ्लाइंग क्लबने आपले उड्डाण प्रशिक्षण धुळ्याला नेले. (सांताक्रुझ समजून चुकून जुहूच्या आखूड पट्टीवर उतरलेली जेट विमानेही आहेत : १९५३ मध्ये बीओएसी या ब्रिटिश कंपनीचे कॉमेट आणि १९७२ मध्ये जपान एअरलाइन्सचे डीसी-८. पण तो विषय वेगळा.) शहराच्या मधोमध सोन्याच्या भावाची एवढी जमीन असूनही जुहू विमानतळ बंद पडला नाही, कारण समुद्रातल्या तेलविहिरींवर माणसे घेऊन जाणारी हेलिकॉप्टरे तेथून रोज उडतात. रोज जाणारा कोणी आहे, म्हणून तेथे अग्निशमनाची गाडी उभी आहे आणि सकाळची फेरी होते आहे. याउलट धुळ्याच्या गोंदूरच्या पट्टीला हा क्लब मिळाला नसता तर तिचे काय झाले असते, याचा अंदाज आपल्या गावच्या पट्टीकडे पाहून करता येईल.

प्रवासी विमानसेवेने लहान विमानतळ जगतो का, हा प्रश्न आपण विचारला नाही, पण गावात जे कारण सांगतात त्याच्या मुळाशी तो आहे. लहान शहरांना विमानसेवेने जोडण्याची केंद्र सरकारची ‘उडान’ योजना २०१६ च्या ऑक्टोबरात जाहीर झाली आणि २०१७ च्या एप्रिलमध्ये पहिले विमान उडाले. साधारण तासाभराच्या प्रवासाला २,५०० रुपये भाडे, विमानातल्या ठरावीक आसनांना ही मर्यादा, आणि कंपनीला येणारी तूट तीन वर्षे सरकारने भरून द्यायची, असा तिचा सुरुवातीचा ढाचा. नियंत्रक आणि महालेखापरीक्षकांच्या २०२३ च्या अहवालातले आकडे बोलके आहेत : योजनेच्या तिसऱ्या फेरीपर्यंत मंजूर झालेल्या ७७४ मार्गांपैकी ३७१ सुरू झाले; त्यातल्या ११२ मार्गांनीच तीन वर्षे पूर्ण केली; आणि ती मुदत संपल्यावरही चालू राहिलेले मार्ग मार्च २०२३ मध्ये ५४ होते. आपल्याकडची उदाहरणे त्याच जातीची आहेत. जळगावला २०१७ च्या डिसेंबरात १८ आसनी विमानाने मुंबईची सेवा सुरू झाली, ती टिकली नाही. सिंधुदुर्गातल्या चिपीची मुंबई सेवा २०२१ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि तीन वर्षांची मुदत संपताच २०२४ च्या ऑक्टोबरात थांबली, विमानतळ मात्र उघडा राहिला.

यात मुंबईचा वाटा मोठा आहे, आणि तो सहसा बोलला जात नाही. मुंबईच्या दोन धावपट्ट्या एकमेकींना छेदतात, त्यामुळे एका वेळी एकच वापरता येते. तासाला ४५ च्या आसपास विमाने चढ-उतार करतात. चढ-उताराच्या त्या प्रत्येक ठरलेल्या वेळेच्या जागेवर १८० प्रवाशांचे विमान दिल्लीला सोडायचे की ७० प्रवाशांचे लहान एटीआर विमान एखाद्या जिल्ह्याच्या गावी, याचे उत्तर व्यवहाराने केव्हाच देऊन टाकले आहे. लहान विमानाला मग पहाटेची किंवा भर दुपारची अडनिडी वेळ मिळते, आणि ज्याला मंत्रालयात किंवा उच्च न्यायालयात सकाळी साडेदहाला हजर व्हायचे आहे तो रात्रीच्या रेल्वेनेच येतो. मुंबई-सोलापूर वंदे भारत २०२३ च्या फेब्रुवारीत सुरू झाली, समृद्धी महामार्ग २०२५ मध्ये पूर्ण झाला. तीन-चारशे किलोमीटरच्या अंतरात आता विमानाला रस्ता आणि रेल्वे दोघांशीही झुंजावे लागते. नवी मुंबईचा विमानतळ २०२५ च्या डिसेंबरात सुरू झाल्याने जागेची चणचण सैल होईल, पण डोंबिवलीकराला ती सोयीची असली तरी मंत्रालयाच्या कामाला आलेल्या लातूरकराला कितपत सोयीची, याविषयी मला शंका आहे.

असो. पट्टीवरचे डांबर पैसे टाकून पुन्हा घालता येते. जे परत आणता येत नाही ते पट्टीच्या बाहेर असते, आणि येथे मी थोडा थांबणार आहे. विमान पट्टीच्या टोकाशी उतरत येते तेव्हा त्याच्या वाटेखाली बाहेरच्या बाजूला पसरत जाणारी एक कल्पित तिरकी पातळी धरलेली असते. तिच्या वर काहीही डोकावता कामा नये. पार्ले, सांताक्रुझ, कुर्ला येथे राहणाऱ्याला ‘फनेल झोन’ म्हणजे काय ते शिकवावे लागत नाही, कारण त्यापायी तेथल्या इमारतींचा पुनर्विकास वर्षानुवर्षे अडला आहे. गावच्या पट्टीलाही तोच फनेल असतो, फक्त तेथे तो कोणाच्या डोळ्यांत खुपत नाही.

ढोबळ हिशेब करून दाखवतो. उपकरणांच्या मदतीशिवाय, डोळ्यांनी पाहून उतरण्याच्या १,३०० मीटरच्या पट्टीसाठी टोकापासून ६० मीटर सोडून पुढे दर ३० मीटरला १ मीटर या चढाने ती पातळी जाते. समजा टोकापासून १६० मीटरवर कोणी तीन मजली घर बांधले आणि टाकीसकट त्याची उंची १२ मीटर झाली. त्या उंचीच्या घराला नियमाप्रमाणे ६० अधिक ३६०, म्हणजे ४२० मीटर लांब असायला हवे होते. आता घर हलवता येत नाही, म्हणून पट्टीची सुरुवात आत सरकवावी लागते, २६० मीटरने. पट्टी जमिनीवर तेवढीच राहते, पण त्या बाजूने उतरणाऱ्या विमानासाठी ती १,०४० मीटरची होते. दुसऱ्या टोकाला मोबाइलचा मनोरा आणि उच्चदाबाच्या तारा आल्या की तेथेही तेच. एकही विमान न उतरता, एकही खड्डा न पडता, पट्टी दोन्ही बाजूंनी आखडत जाते.

२०१५ च्या केंद्रीय नियमांनुसार विमानतळाच्या २० किलोमीटरच्या परिसरात उंच बांधकामाला ना हरकत प्रमाणपत्र लागते. चालू विमानतळाभोवती हा नियम पाळून घेणारे लोक असतात. कुलूप लागलेल्या पट्टीभोवती ग्रामपंचायतीला त्याची आठवण करून देणारे कोणी नसते. जमीन बिगरशेती होते, प्लॉट पडतात, ‘विमानतळाशेजारी’ अशी जाहिरातही होते, आणि विमानतळ त्याच घरांमुळे संपतो. एकदा उभे राहिलेले बांधकाम काढणे किती अवघड असते हे सोलापूरने पाहिले आहे : होटगी रस्त्यावरच्या विमानतळाच्या वाटेत सिद्धेश्वर साखर कारखान्याची सुमारे ९० मीटरची चिमणी होती, वाद, न्यायालये, आंदोलने यांत वर्षे गेली आणि अखेर १५ जून २०२३ रोजी ती पाडली. नियमित विमानसेवा सुरू व्हायला त्यानंतरही २०२५ उजाडले. चिमणी एक होती आणि तिचा मालक एक होता. साठ घरांचे साठ मालक असतील तर काय होईल, ते आपणच ताडा.

आता आपला दुसरा प्रश्न, निर्णय कोणाचा. कागदोपत्री क्रम असा असतो : काही बिघाड झाला की वैमानिकांसाठी ‘नोटॅम’ नावाची सूचना निघते की अमुक तारखेपर्यंत पट्टी वापरू नये, ती तारीख आली की नवी सूचना निघते, मग परवाना असलाच तर त्याची मुदत संपते आणि नूतनीकरणाचा अर्ज कोणी करत नाही. अर्ज नाकारल्याचा कागद सापडणार नाही, कारण अर्जच नसतो. ‘बंद करण्यात येत आहे’ असे लिहून त्याखाली सही करणारा अधिकारी मी माझ्या संबंध नोकरीत क्वचितच पाहिला. खरे तर कायमची बंद करायची झाल्यास आंतरराष्ट्रीय नियम स्पष्ट आहे : धावपट्टीवर जास्तीत जास्त ३०० मीटरच्या अंतराने मोठ्या पांढऱ्या फुल्या माराव्यात, टॅक्सीवेवर, म्हणजे पट्टीकडे ये-जा करण्याच्या विमानांच्या वाटेवर, पिवळ्या, आणि आधीच्या खुणा पुसून टाकाव्यात, म्हणजे वरून जाणाऱ्या, इंजिन बिघडलेल्या वैमानिकाला ती पट्टी वाटू नये. आपल्याकडे ती फुली मारायलाही कोणी पुढे येत नाही, कारण फुली मारणे म्हणजे निर्णय घेणे. परिणामी कोठे कोठे आकाशातून चांगली दिसणारी, पण जमिनीवर मळणी चालू असलेली पट्टी तशीच पडून असते. हे मला केवळ निष्काळजीपणाचे नव्हे, तर धोक्याचे वाटते, आणि मी ते त्या त्या वेळी अहवालांत लिहिलेही.

मालकीच्या हस्तांतरणाने हा घोळ वाढवला. बांधकाम खात्याकडून पट्ट्या औद्योगिक विकास महामंडळाकडे गेल्या, काही २००२ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र विमानतळ विकास कंपनीकडे; २००९ मध्ये लातूर, नांदेड, बारामती, यवतमाळ आणि तेव्हाचे उस्मानाबाद हे पाच विमानतळ ९५ वर्षांच्या भाडेपट्ट्याने एकाच खासगी समूहाला दिले गेले, आणि अपेक्षित विकास झाला नाही म्हणून राज्याला ते परत घेण्याच्या मागे लागावे लागले. प्रत्येक हस्तांतरणात जमीन, इमारत, कुंपण यांची यादी होते. सकाळी कोण चालणार, हे त्या यादीत कोठेच लिहिलेले नसते.

आपल्या गावातल्या काही घरांच्या जमिनी त्या पट्टीखाली गेल्या असतील, म्हणून एक गोष्ट सांगून ठेवतो. पाच वर्षे वापर न झाल्यास जमीन मूळ मालकाला किंवा सरकारी भूमिपेढीला परत करण्याची तरतूद २०१३ च्या भूसंपादन कायद्यात आहे, पण ती त्या कायद्याखाली घेतलेल्या जमिनींना आहे. १८९४ च्या जुन्या कायद्याने ताबा घेऊन सरकारजमा झालेली जमीन सरकार दुसऱ्या सार्वजनिक कामाला वापरू शकते, अशी न्यायालयांची भूमिका राहिली आहे. कल्याणजवळच्या नेवाळीची दुसऱ्या महायुद्धातली पट्टी आपल्या घरापासून फार लांब नाही; युद्धासाठी घेतलेल्या त्या जमिनीवरून २०१७ च्या जूनमध्ये केवढे आंदोलन पेटले ते आपल्याला आठवत असेल. पट्टी संपते, सातबाऱ्यावरचा वाद संपत नाही.

राहिला तिसरा प्रश्न, पुन्हा सुरू होईल का. अमरावतीच्या बेलोऱ्याची पट्टी वाढवून २०२५ च्या एप्रिलमध्ये मुंबईची सेवा सुरू झाली, तेव्हा अशक्य असे काही नाही. मात्र एटीआर-७२ ची स्वप्ने आपल्या गावाने पाहू नयेत असे मी सुचवेन. त्या विमानाला समुद्रसपाटीला, थंड हवेत साधारण १,३०० मीटर लागतात. आराखड्याचा ढोबळ नियम असा की उंचीच्या दर ३०० मीटरला ७ टक्के आणि त्या उंचीवरच्या प्रमाण तापमानाहून जास्त असलेल्या दर अंशाला १ टक्का लांबी वाढवावी. मराठवाड्याच्या पठाराची उंची सुमारे ६०० मीटर धरली आणि उन्हाळ्यातले ४० अंश धरले, तर तीच गरज १,९०० मीटरच्या पुढे जाते. त्यासाठी नव्याने भूसंपादन आले, अग्निशमन आले, सुरक्षा आली, आणि हे सगळे झाल्यावर वर सांगितलेला मुंबईतल्या वेळेचा प्रश्न आलाच.

प्रशिक्षण संस्था मात्र येऊ शकते. त्यांना हजार-बाराशे मीटर पुरतात, गर्दीपासून दूर असलेले आकाश हवे असते, आणि मराठवाड्यासारखी वर्षातले आठ-नऊ महिने मोकळी असलेली हवा त्यांना सहज कोठे मिळत नाही. डांबराचा वरचा थर, कुंपण, पाण्याचा निचरा आणि एक हँगर (विमाने ठेवण्याची शेड) एवढ्यावर काम सुरू करता येते. रुग्ण हलवण्यासाठी येणाऱ्या लहान विमानाला ती पट्टी मग आपोआप उपलब्ध होते. निव्वळ तेवढ्यासाठी राखलेली पट्टी टिकल्याचे मी पाहिलेले नाही.

आपली पट्टी त्या स्थितीत अजून आहे की नाही हे मला येथे बसून सांगता येणार नाही, पण आपण दिवाळीला गावी जाल तेव्हा एक करा. आपण प्रश्नासोबत पाठवलेली सगळी छायाचित्रे पट्टीच्या आतली आहेत. भेगा आणि बाभळी मला त्यांत दिसल्या, त्यांची मला फारशी चिंता नाही. दोन्ही टोकांना जाऊन पट्टीकडे पाठ करून उभे राहा आणि बाहेरच्या बाजूचे छायाचित्र घ्या. त्यात जे घर, जो खांब किंवा जो मनोरा सर्वांत उंच दिसेल तेथपर्यंत पावले मोजत जा, एका पावलाची लांबी घरीच फूटपट्टीने पाहून ठेवा, आणि अंतर व अंदाजे उंची अशी दोन-दोन आकड्यांची जोडी प्रत्येक टोकासाठी मला लिहून कळवा.